बिस्किटं संपल्यावर

"अहो काकू, हे काय? थंडी पडायली, अन् तुमचा कूलर अजून अंगणात?"

"आलात का वहिनी! कधी आलात? बाळ-बाळंतीण कशी आहे?"

"काल रात्री उशिरा. दोघी ठणठणीत. सव्वा महिना म्हणून गेले अन् दोन महिने पुण्यातच गेले बघा. ते सांगते नंतर निवांत. आधी ह्या कूलरचं सांगा. पंखा कुठंय त्याचा? बाजूची पॅडं कुठायत? अन् आत पोतं कामून अंथरलंय?"

"तो आता कूलर राहिला नाही. तांबीचा दवाखाना झालाय तो."

"तांबी म्हणजे आपली, गल्लीतली कुत्री? काय झालं तिला?"

"मग तुम्हाला काहीच कळलं नाही म्हणा की. थांबा, ह्या शेंगा निवडत निवडत सांगते. तुम्ही गेलात ना, त्यानंतर घटस्थापनेच्या आसपासची गोष्ट. तिकडं नाथसागर तुडुंब, धरणाची दारं उघडलेली, गोदाकाठची गावं पाण्यात, अन् आपल्या गल्लीत टँकर! नेहमीचंच. रात्री नवाच्या सुमाराला टँकरवाला रिव्हर्स घेत होता. तांबी मागच्या चाकाशी झोपलेली. एकच किंकाळी फोडली हो तिनं, टीव्हीचा आवाज फाडून आत आली. अख्खी गल्ली बाहेर."

"अन् टँकरवाला पळाला असेल."

"नाही ना! खाली उतरून डोक्याला हात लावून उभा. पोरगेलासा होता, घाबरून पांढराफटक पडलेला. दोघंतिघं त्याच्याच अंगावर धावले. गॅरेजवाले चाचा मध्ये पडले, म्हणाले, 'मारामारी नंतर करा, आधी जनावर बघा.' तेवढ्यात कोपऱ्यावरच्या सरांनी पोलिसात जायची भाषा सुरू केली."

"सरांनी? इतिहासाच्या सरांनी? त्यांना तर कुत्रं डोळ्यांसमोर नको असतं! नातवाला चावलं तेव्हापासून महापालिकेला अर्जांवर अर्ज."

"तेच तर! पण सर नियमाचे. त्यांचा मुलगा खंडपीठात वकिली करतो ना, त्यानं समजावलं. म्हणाला, बाबा, मुंबईत 2020 साली असंच झालं होतं. मरीन ड्राइव्हवर एका पार्सल पोचवणाऱ्या पोराच्या मोटारसायकलखाली कुत्रं आलं. पोलिसांनी त्याच्यावर माणसाचा जीव धोक्यात घातल्याची कलमं लावली. हायकोर्टानं सगळं रद्द केलं, म्हणालं ही कलमं माणसांसाठी आहेत. वर सरकारलाच 20 हजार रुपये त्या पोराला द्यायला लावले."

"म्हणजे कुत्र्याला कुणीही उडवावं?"

"तसं नाही. मुद्दाम मारलं, लंगडं केलं, तर नव्या न्याय संहितेत 325 कलम आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. पण अपघात वेगळा. अन् प्राण्यांना क्रूरतेनं वागवलं तर 1960 चा जो कायदा आहे, त्यात पहिल्या खेपेला दंड किती माहितीये? 10 रुपयांपासून 50 रुपयांपर्यंत."

"पन्नास रुपये! गुलमंडीवर इमरती तरी येते का तेवढ्यात?"

"असो. तर गर्दी म्हणाल तर वीसजण तरी असतील. निम्म्यांच्या हातात मोबाईल, निम्म्यांच्या हातात पार्ले-जी."

"पार्ले-जी?"

"मग काय! दया आली की आपल्याकडं पहिलं बिस्किट पुढं येतं. ती बिचारी जीभ बाहेर काढून धापा टाकतेय, मागचे दोन्ही पाय फेंगाडलेले, अन् हे तिच्या तोंडापुढं बिस्किटं मोडतायत. एकीनं वाटीत दूध आणलं. एकानं तर घरातली अंगदुखीची गोळी कुटून आणली होती."

"मंग त्यात काय चुकलं? दुखणं तरी थांबलं असतं."

"वहिनी, माणसाची गोळी कुत्र्याच्या जिवावर उठते. पॅरासिटामॉल म्हणा, आयब्युप्रोफेन म्हणा. आपल्याला साधी वाटते, त्यांच्या पोटात, लिव्हरमध्ये, किडनीत घाण करून ठेवते. अन् मार लागलेल्याला दूध-पाणी घशात ओतायचंच नाही. ते श्वासनळीत जातं, शिवाय लगेच भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. हे सगळं डॉक्टरांनी आम्हाला मागाहून सांगितलं. तेव्हा वरच्या मजल्यावरची पोरगी धावून आली म्हणून बरं, तिनं सगळ्यांना मागं सारलं."

"ती विद्यापीठात शिकते ती? भाडेकरू?"

"तीच. पण घाईत तिनं तांबीच्या मानेखाली हात घातला, अन् तांबीनं खचकन धरलं तिचं मनगट."

"बघा! जिला वाचवायला गेली तिलाच चावली."

"अहो, दुखण्यानं वेडी झालेली ती, तिला काय कळतंय कोण आपलं, कोण परकं? पोरगी शहाणी. रडत बसली नाही. 'काकू, साबण' म्हणाली. पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची असते. आता आपल्याकडं वाहतं पाणी कुठलं? नळाला यायला चार दिवस बाकी. मी ड्रममधून तांब्यावर तांब्या ओततेय अन् ती धुतेय. तिकडं रस्त्यावर टँकर भरलेला उभा, त्याचा पाइप ओढायचं कुणाला सुचलं नाही!"

"मग इंजेक्शनं?"

"घाटी दवाखान्यात गेली त्याच रात्री. रक्त आलं होतं, म्हणून जखमेतसुद्धा सीरम दिलं. मग पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या अन् अठ्ठाविसाव्या दिवशी लस. पोटात चौदा सुया वगैरे आता काही नाही, दंडातच देतात. एकही चुकवली नाही तिनं. चावणारं कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचं असतं, पिसाळलेलं असेल तर तेवढ्यात उमजतं. तर तांबीचं ते आपोआपच झालं."

"अन् तांबीला उचललं कुणी?"

"तिनंच सांगितलं कसं ते. स्वतःचं मनगट रुमालात गुंडाळून! ओढणीचा फास तांबीच्या तोंडावरून घेतला, हनुवटीखाली टोकं फिरवून कानांमागं बांधली. नाक मोकळं, जबडा बंद. उलटी होत असेल किंवा श्वास अडकत असेल तर असं बांधायचं नाही, हेही तिनंच सांगितलं. मग प्रश्न आला उचलायचं कशावर. चार जणांनी चार पाय धरले असते तर मोडलेलं हाड आणखी आत घुसलं असतं. कंबर वाकायला नको, सपाट फळी पाहिजे. चाचांनी काय आणलं असेल?"

"काय?"

"गॅरेजातला कॅरम! त्यावर चादर, चादरीवर तांबी, अन् कॅरम लोडिंग रिक्षात."

"बाई गं!"

"सर पण बसले रिक्षात. म्हणाले, 'डॉक्टर तुम्हाला पैशाला फसवतील, मी येतो.' एका खाजगी डॉक्टरांनी दवाखाना उघडला. कंपाउंडरनं केसपेपर काढला अन् विचारलं, 'मालकाचं नाव?' सगळे एकमेकांकडं बघायला लागले. चाचा म्हणाले, 'लिव्हा, सगळ्यांची आहे.' तर सर तिथल्या तिथं म्हणाले, 'म्हणजे कुणाचीच नाही.'"

"सरांची जीभ म्हणजे!"

"जीभ कडू, पण बोललं खोटं होतं का? ते बघा पुढं. डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला, हिरडीवर बोट दाबून सोडलं. पांढरी झालेली जागा लगेच गुलाबी झाली, म्हणाले, आत फार रक्त गेलेलं नाही. मग मागच्या पायाची बोटं चिमट्यात दाबली. तिनं पाय ओढून घेतला! डॉक्टर म्हणाले, चला, मज्जातंतू शाबूत आहे. एक्स-रेत कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं. शेपटीच्या मुळाशी ही एवढी कातडी सोललेली."

"मग ऑपरेशन?"

"कंबरेचं हाड पुष्कळदा पडून राहूनच जुळतं म्हणे, सांध्यात मोडलेलं नसेल तर. पण पडून म्हणजे पडून. दीड महिना उडी नाही, पळणं नाही, जिना नाही. आता हे गल्लीतल्या कुत्रीला सांगणार कोण? म्हणून पिंजरा पाहिजे. विकतचा पिंजरा महाग. आमच्या ह्यांच्या डोक्यात कूलर आला. जुनी लोखंडी बॉडी, तिन्ही बाजूंनी जाळी, वारा खेळता. मोटर अन् पंखा काढला, पॅडं काढली. अन् मुख्य म्हणजे खाली टाकीला पाणी सोडायचं भोक असतंच! धुतलं की सगळं बाहेर. दुकानातल्या पिंजऱ्याला ही सोय नसते."

"काकांना नोबेल द्या!"

"आणखी ऐका. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चोवीस तासांत हिला लघवी झाली पाहिजे. नाहीतर मूत्राशय फुटलेलं असू शकतं, लगेच आणा. झालं! दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीचा एकच प्रश्न. दूधवाला सायकलवरून, 'झाली का काकू?' सर गेटातून, 'झाली?' इस्त्रीवाला कपडे देताना हळूच, 'झाली का?' आमच्याकडं नेमके पाहुणे बसलेले. त्यांना वाटलं, ह्यांच्याकडं कुणाची तरी सोयरीक ठरायलीय!"

"हाहा! अन् झाली कधी?"

"दुपारी. अन् वरून पोरगी ओरडली, 'काकू, झाली!' पाहुणे म्हणाले, 'अभिनंदन!'"

"हसवू नका हो, माझं पोट दुखायलंय."

"हसा. पण हसण्याचं तिथंच संपलं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बिस्किटं बंद. व्हॉट्सअॅपवर गट काढला होता, त्यात हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस. पैसे टाकणारे बोटावर मोजण्याइतके. रात्रीच्या पाळीला तर कुणीच नाही."

"रात्री कशाला पाळी? पिंजऱ्यात तर होती."

"पडून राहणाऱ्या जिवाची कूस बदलावी लागते वहिनी. तीन-चार तासांनी ह्या अंगावरून त्या अंगावर. नाहीतर हाडावरच्या कातडीला जखमा पडतात, आपल्या म्हाताऱ्या माणसांना पडतात तशाच. ती एक भरली तर दुसरी उघडते. तिला बाहेर न्यायचं तर पोटाखालून पंचा घालून मागचं धड उचलून धरायचं, अन् ती पुढच्या पायांनी चालणार. पोतं ओलं झालं की बदलायचं. पोती धुवायची नळ आलेल्या दिवशी, तोवर ती मागं ढीग लावून ठेवायची. वास? विचारू नका. हे रोज. रोज म्हणजे दिवाळीतसुद्धा, फराळाच्या घाण्यावरून उठून."

"कुणी कुणी केलं मग?"

"पोरगी, चाचांचा गॅरेजातला एक पोऱ्या, आम्ही दोघं. अन् सर."

"सर?"

"रात्रीचे बारा ते चार. म्हणाले, 'मला तशीही झोप येत नाही.' आरामखुर्ची टाकून पुस्तक वाचत बसायचे. तांबीला हातसुद्धा लावायचे नाहीत, पण वेळ झाली की मला फोन: 'उठा, कूस.' हिशेबाची वही त्यांच्याकडं. कुणी किती दिले, औषधाला किती गेले, पानंच्या पानं. ती वही गेटावर टांगून ठेवली. त्यानंतर जरा पैसे यायला लागले!"

"टांगलं की येतात."

"अन् तिच्या गळ्यात काय होतं ते तर सांगायचंच राहिलं. ती सारखी जखम चाटायची. चाटली की टाके निघतात, जखम चिघळते. गळ्यात भोंगा घालावा लागतो, प्लॅस्टिकचा. दवाखान्यात तिच्या मापाचा नव्हता. डॉक्टर म्हणाले, जुनी एक्स-रेची फिल्म असेल तर तिचा करा, कडा चिकटपट्टीनं मऊ करा. सरांच्या गुडघ्याचा एक्स-रे पडून होता घरात. तर तांबी महिनाभर सरांचा गुडघा गळ्यात घालून बसलेली! उजेड पडला की वाटी अन् नडगी दोन्ही दिसायच्या."

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, 'एवढं तरी काम आला तो गुडघा.'"

"बरी झाली ना पण?"

"मध्ये एकदा वाटलं, गेली. शेपटीच्या मुळाशी जखम होती ना, एक दिवस पट्टी सैल राहिली, माश्या बसल्या. पाऊस सरतानाच्या माश्या माहितीयेत ना तुम्हाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर आत पांढरं वळवळतंय. आळ्या! माशीनं अंडी घातली की दिवसभरात आळ्या होतात, अन् आत शिरत जातात. एकानं फिनेल ओतायला सांगितलं, एकीनं डांबरगोळी. आमची भाजीवाली दौलताबादकडची, ती म्हणाली, सीताफळाचा पाला वाटून भरा, आम्ही बैलांना तेच करतो."

"ते खरंय हो. आमच्याकडं माजलगावला पण तेच भरायचे गुरांच्या जखमेत."

"डॉक्टरही म्हणाले, पाल्यात गुण आहे, पण कुत्रं आपली जखम चाटतं. अन् बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळा जातो. फिनेल अन् डांबरगोळी तर विषच. त्यांनी भोवतीचे केस कापले, फवारा मारला अन् थांबले. आळ्या श्वास घ्यायला वर येतात, तशा एकेक चिमट्यानं काढल्या. पोरगी टॉर्च धरून होती. मी धीर करून बघितलं, जखमेत बोटाचं पेर जाईल एवढी पोकळी. एवढं सगळं होईस्तोवर तांबी हूं की चूं नाही. फक्त चाचांच्या मनगटावर तोंड टेकवून पडलेली, भोंग्यासकट."

"शहाणं जनावर."

"जनावर शहाणंच असतं. आता सरांचं ऐका. तिला जरा उभं राहता यायला लागलं तसं सरांनी सगळ्यांना गेटात बोलावलं. म्हणाले, 'तुम्ही हिला वाचवलंत, चांगलं केलंत. पण ही पुन्हा गल्लीत सोडणार, वर्षाला दोनदा विणार, ती पिल्लं गाड्यांखाली येणार, उरलेली मुलांच्या मागं लागणार. मग पुन्हा कॅरम काढायचा का? नसबंदी अन् रेबीजची लस केल्याशिवाय मी हिला माझ्या दारावरून जाऊ देणार नाही.'"

"आता गं बया! भांडण झालं असेल."

"व्हायलाच आलं होतं. पोरगी चिडली, 'आत्ताच कुठं उठलीय ती!' गेले दोघं भांडत डॉक्टरांकडं. डॉक्टर म्हणाले, सर सांगतात ते केलंच पाहिजे, पण त्यांच्या कारणासाठी नाही, हिच्यासाठी. कंबरेचं हाड जुळलं, पण वाट अरुंद झाली. आता ही गाभण राहिली तर पिल्लू अडेल, अन् रस्त्यावर रात्री अडलेल्या कुत्रीचं सिझेरियन कोण करणार? दोघंही जातील. झालं, दोघांचं भांडण एकाच उत्तरावर मिटलं. हाड पक्कं झाल्यावर ऑपरेशन केलं, लस दिली. कानाला बारीकशी खाच आहे बघा डाव्या, ती नसबंदी झाल्याची खूण."

"पण हे काम महापालिकेचं ना?"

"आहेच. 2023 चे नियम आहेत केंद्राचे. नसबंदी अन् लसीकरण स्थानिक संस्थेनं करायचं, अन् जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. सरांना ते 'परत सोडायचं' पटत नव्हतं. मुलानं समजावलं. एका जागेची कुत्री उचलून नेली तर जागा मोकळी राहत नाही, शेजारच्या भागातली येतात, ती ना टोचलेली ना कापलेली. त्यापेक्षा आपली ओळखीची, लस दिलेली बरी. सुप्रीम कोर्टातही हेच गाजलं ना! 11 ऑगस्ट 2025 ला दिल्लीची कुत्री सरसकट उचलायचा हुकूम निघाला, अन् 22 ऑगस्टला बदलला. नसबंदी, लस, जंताचं औषध द्या अन् त्याच भागात सोडा. पिसाळलेली अन् अंगावर येणारी मात्र नाही. खायला घालायचं तर ठरवून दिलेल्या जागीच. अन् 7 नोव्हेंबरला पुन्हा नवा आदेश, शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलायची अन् तिथं परत सोडायची नाहीत."

"आपल्या टोकाला तर शाळा आहे."

"म्हणून तर सरांनी जागा ठरवून दिली. शाळेच्या बाजूला एक तुकडा टाकायचा नाही. ह्या टोकाला, डीपीच्या पलीकडं, सकाळी सातच्या आत अन् रात्री नवानंतर. ताटली उचलून धुवून ठेवायची. कुत्रं खायच्या ठिकाणी मुक्काम करतं. मुलं शाळेत जातात त्या वेळी ते तिथं नकोच."

"सर कुत्र्यांच्या बाजूचे झाले म्हणायचे."

"कुठले! अजून काठी घेऊनच फिरतात. नातवाला चावलं होतं, पाच टाके पडले होते, ते विसरतील कसे? अन् विसरावं तरी कामून? पण दवाखान्यात बसल्या बसल्या त्यांनीच गोष्ट सांगितली. 1832 साली मुंबईत कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारायला इनाम लावलं. शिपाई पैशासाठी घराघरात शिरून पाळलेलीसुद्धा मारायला लागले. जूनमध्ये पारशी लोक रस्त्यावर आले, बाजार बंद, कोटात दंगल! कुत्र्यांवरून! मग त्याच मुंबईत 1874 ला प्राण्यांची संस्था निघाली अन् 1883 ला परळला जनावरांचा दवाखाना. दिनशॉ पेटिटांनी बायकोच्या नावानं काढलेला, बाई साकरबाई दवाखाना. आजही चालू आहे. सर म्हणाले, 'दंगल केव्हाच मिटली, दवाखाना दीडशे वर्षांकडं निघालाय.'"

"अन् टाटांचा? पुण्यात जावई सांगत होता."

"महालक्ष्मीला, 2024 च्या जुलैत उघडला. रतन टाटांच्या स्वतःच्या कुत्र्याला सांधा बदलायला अमेरिकेत मिनेसोटाला न्यावं लागलं होतं अन् तरी उशीर झाला. तेव्हापासून त्यांच्या मनात होतं म्हणे. उघडायच्या आधी त्यांनी इन्स्टाग्रामवर काय टाकलं असेल? सात महिन्यांच्या एका कुत्र्याला रक्त पाहिजे, मुंबईत कुणाचं कुत्रं रक्तदान करेल का! एवढा मोठा माणूस कुत्र्यासाठी रक्त मागतोय. आमची वरची पोरगी ते वाचून वेडीच झाली."

"मोठ्या लोकांचं कौतुक होतं. आमच्या माहेरचं कुत्र्यांचं कौतुक मात्र वेगळंच झालं! लऊळला, माजलगाव तालुक्यात. 2021 चा डिसेंबर. माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, घरांच्या छतांवर न्यायची. वनखात्यानं दोन माकडं धरून नेली तेव्हा थांबलं. पण आकडा फुगत फुगत अडीचशेवर गेला, परदेशातल्या पेपरात छापून आलं. आमची आत्या त्या भागातलीच. ती म्हणे, गावात तरी होती का एवढी कुत्री?"

"बघा, अडीचशे मोजणारे भेटतात. एक पिल्लू खाली उतरवणारा भेटत नाही."

"काकू, तुम्ही सरांसारखं बोलायलात."

"संगत! बरं, तुमच्याकडं वांगी कशाला आणून ठेवलीत एवढी?"

"चंपाषष्ठी नाही का! सातारच्या खंडोबाला जायचं, घरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य. पहिला घास कुत्र्याला. आता तांबी बरी झालीय तर तिलाच देते की."

"रोडगा द्या. भरीत नको."

"का बरं? चार महिने कांदा-वांगं सोडलेलं, देवाचा प्रसाद..."

"त्या कांद्यासाठीच. कांदा, लसूण, पात, काही म्हणजे काही नाही. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्यानं. शिजवलेला असला तरी. मनुके अन् चॉकलेटही नाही."

"अहो पण खंडोबाचं कुत्रं खातंच की!"

"खंडोबाच्या कुत्र्याचं खंडोबा बघेल. हिच्या दवाखान्याचं बिल आपण भरलंय."

"तुमच्यापुढं बोलायची सोय नाही. अहो, नर्सीच्या नामदेवांनी कुत्र्यानं पळवलेल्या कोरड्या भाकरीमागं तुपाची वाटी घेऊन धाव घेतली. दत्ताच्या पायाशी चार कुत्री. पैठणच्या नाथांनी काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. अन् मी एक घास भरीत द्यायचं नाही?"

"नाथांचं बरं काढलंत. ती कावड नाथांनी स्वतःच्या खांद्यावर वाहून आणली होती. वाळवंटात उभं राहून 'कुणीतरी ह्याला पाणी द्या हो' म्हणून ओरडत नव्हते ते. आमच्या त्या रात्रीच्या वीसजणांत ओरडणारेच जास्त. वाईट कुणीच नव्हतं बरं का. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण डोळ्यांतलं पाणी तासाभरात आटतं अन् हाड जुळायला दीड महिना लागतो. कुत्रं वाचतं ते त्या मधल्या दिवसांत. तिथं कणव पुरत नाही, पाळी लागते."

"थांबा, तुमचा फोन वाजायलाय."

"चाचांचा आहे. हॅलो? हां... कुठं? टीव्ही सेंटरला? पिल्लू? पाय? ...हिरड्यांचा रंग कसाय बघा आधी. पाणी पाजू नका. ...किती माणसं जमलीत? पंधरा? मग त्यांना विचारा, पिंजरा देतो, औषधाचं बघू, पण रात्री कोण बसणार? एक नाव सांगा म्हणावं. मी धरून आहे फोन... काय झालं? पांगले? सगळे?"

"काकू."

"हां, थांबा वहिनी. ...चाचा, मोटारीचा हॉर्न वाजतोय, ऐकू येत नाही. दोघं उरलेत? त्यातला एक म्हणतो शनिवार-रविवार जमेल? बरं, लिहून घ्या त्याचं नाव अन् नंबर."

"काकू, ऐकता का? माझं पण सांगा. पुण्यात दोन महिने रात्री-बेरात्री बाळासाठी उठायची सवय झालीय, अजून दोनला डोळा उघडतोच. सोमवार ते बुधवार मी बसते. गुरुवारी मात्र नाही, गुरुवारी माझा दत्ताचा उपास असतो, मला डोकं चढतं."

"दत्ताचा उपास अन् कुत्र्याला सुट्टी! ...चाचा, लिहा. शेजारच्या वहिनी, सोमवार ते बुधवार. गुरुवारचं सरांना विचारते मी."